एक गेला की दोन्ही?

मराठीच्या प्राध्यापकाने मोटारीच्या दिव्यांवर लेख लिहावा, हे पाहून आमच्या महाविद्यालयातले पदार्थविज्ञानाचे सहकारी मिशीतल्या मिशीत हसतील, हे मी जाणून आहे. हसोत बापडे! ज्याने दिवे विझलेल्या गाडीत बसून घाट अनुभवला आहे, त्याला उजेडावर चार शब्द बोलण्याचा अधिकार पोहोचतो. शिवाय दिवाळी अंकात दिव्यांवर लिहायचे नाही, तर मग लिहायचे तरी कशावर?

हकीकत २०१८ सालच्या धनत्रयोदशीच्या रात्रीची. माझे थोरले बंधू चिपळूणला असतात, आणि दिवाळी त्यांच्याकडे करायची हा आमच्या घरचा शिरस्ता आहे. गाडीत मी, सौभाग्यवती, अकरा वर्षांचे चिरंजीव आणि शहात्तर वर्षांची आई. उरलेल्या जागेत फराळाचे डबे. दुपारी तीनला पुणे सोडायचे ठरले होते; परंतु मध्यमवर्गीय कुटुंबाचे तीन म्हणजे पाच, हे मी वाचकांना सांगायला नको. उंब्रजला हमरस्ता सोडला, पाटण मागे टाकले, आणि कोयनेच्या काठाने हेळवाकला पोहोचलो तेव्हा साडेनऊ वाजून गेले होते. पुढे कुंभार्ली घाट.

वद्य त्रयोदशीचा चंद्र पहाटेपर्यंत उगवत नाही. तेव्हा आकाशाकडून मदतीची आशा नव्हती. घाट उतरायला लागून चारपाच वळणे झाली असतील नसतील, आणि समोरचा रस्ता नाहीसा झाला. रस्ता, कडेचा पांढरा पट्टा, कठडा, सगळे कुणी फळा पुसावा तसे एका क्षणात पुसले गेले. आवाज नाही, धूर नाही, काही नाही. मागून आई एवढेच म्हणाली, "अरे, काय झालं?"

त्या क्षणी मी शहाणपणाने वागलो असे सांगायला मला आवडले असते. खरे कारण असे की, भीतीने माझे हात जसेच्या तसे राहिले. वळण नुकतेच संपले होते, रस्ता पुढे थोडा सरळ आहे हे डोळ्यांत शिल्लक होते, त्या आठवणीवर गाडी दहापंधरा पावले गेली, आणि ब्रेक हळूहळू दाबत मी ती डावीकडे आणून उभी केली. नंतर पुष्कळ जाणत्या माणसांनी मला सांगितले की, करायचे असते ते हेच. ब्रेकवर उडी मारायची नाही, चाक फिरवायचे नाही, आणि लाल त्रिकोणाचे बटण दाबून चारही इंडिकेटर चालू करायचे. ते बटण सौभाग्यवतींनी दाबले. लुकलुकत्या पिवळ्या उजेडात आम्हाला कळले की, आपण सगळे जागच्या जागी आहोत.

मंडळींना उतरवून डोंगराच्या अंगाला, गटाराच्या पलीकडे उभे केले. बिघडलेल्या गाडीत बसून राहण्यासारखा धोका नाही. मागून येणाऱ्या ट्रकला ती दिसतेच असे नाही. मागे ठेवायचा लाल चमकता त्रिकोण मात्र चकलीच्या डब्याला जागा हवी म्हणून मी स्वतःच पुण्याला काढून ठेवला होता! सौभाग्यवती मोबाइलची बत्ती हलवीत मागच्या वळणाशी जाऊन उभ्या राहिल्या. त्या मोबाइलचा तेवढाच उपयोग होता, कारण घाटात रेंज नव्हती.

गंमत पाहा. आम्ही ज्या डोंगरावर चाचपडत उभे होतो, त्याच्याच पोटातून कोयनेचे पाणी खाली उतरते आणि पोफळीच्या भूमिगत वीजगृहात विजेला जन्म देते. सर्व टप्पे मिळून या प्रकल्पाची क्षमता १९६० मेगावॉट. आणि आम्हाला हवे होते अवघे ११० वॉट!

पंधरावीस मिनिटांनी एसटी आली. चिपळूणकडे जाणारी शेवटची की शेवटून दुसरी, कोण जाणे. ती आमच्या मागे थांबली, आणि तिच्या दिव्यांत रस्ता पुन्हा जगात आला. खाकी कपड्यांतले, पन्नाशीला टेकलेले ड्रायव्हर खाली उतरले.

"काय झालं, सायेब?"

"दिवे गेले हो. अचानक."

"एक गेला का दोन्ही?"

"दोन्ही."

"एका टायमाला?"

"अगदी एकाच क्षणी."

"मग बल्ब न्हाईत," ते म्हणाले आणि बाह्या सरसावू लागले.

वाचकहो, या एका प्रश्नात मोटारीच्या दिव्यांची निम्मी विद्या आहे, हे मला त्या वेळी ठाऊक नव्हते. मी चार वर्षे गाडी चालवीत होतो, आणि दिवा लागत नाही म्हणजे बल्ब उडाला यापलीकडे माझी मजल नव्हती. पण विचार करा. दोन वेगवेगळे बल्ब, दोन वेगवेगळ्या तारा. दोघांनी एकाच क्षणी प्राण सोडावा हे कसे घडेल? दोन उत्तरपत्रिकांत एकच चूक एकाच ओळीवर सापडली, तर आम्ही परीक्षक दोघेही तेवढेच मूर्ख आहेत असे समजत नाही. दोघांच्या मध्ये कोण बसले होते याचा शोध घेतो. दिव्यांचेही तसेच. एक गेला तर दोष त्या दिव्याचा, त्याच्या होल्डरचा किंवा तिथल्या तारेचा. दोन्ही गेले तर दोष दोघांना समाईक असलेल्या एखाद्या गोष्टीचा: फ्यूज, रिले, दिव्याचे बटण, नाही तर तिथवर येणारी मुख्य तार.

याला अपवाद आहेत, आणि त्यांतला एक फार फसवा आहे. पुष्कळदा एक दिवा महिन्यापूर्वीच गेलेला असतो. शहरातल्या रस्त्यावरच्या उजेडात ते मालकाच्या ध्यानातही येत नाही. मग एके दिवशी दुसरा जातो, आणि मालक शपथेवर सांगतो की दोन्ही एकदम गेले! दुसरा अपवाद, गाडीतल्या विजेचा दाब प्रमाणाबाहेर वाढणे. इंजिन चालू असताना हा दाब साधारण चौदा व्होल्टच्या आसपास असावा लागतो. त्यावर नियंत्रण ठेवणारा भाग बिघडला आणि दाब बराच वर गेला, की बल्ब पाठोपाठ उडतात. नवे घातले की तेही उडतात.

ड्रायव्हरांनी पुढचे प्रश्न डॉक्टरांसारखे विचारले. पार्किंगचे बारीक दिवे लागतात का? लागत होते. हॉर्न वाजतो का? वाजला. म्हणजे बॅटरी ठीक. अप्पर लागतो का, डिप्पर लागतो का? दोन्ही नाहीत. "फ्यूजची डबी कुठं हाय?" या प्रश्नाला मात्र मी निरुत्तर झालो. ती त्यांनीच शोधली. स्टिअरिंगखाली, माझ्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर. झाकणाच्या आतल्या बाजूला कोणता फ्यूज कशाचा याचा तक्ता छापलेला होता. चार वर्षे माझ्या गुडघ्याशी एक छापील मजकूर होता आणि मी, भाषेचा प्राध्यापक, तो वाचला नव्हता.

त्यांनी चिमट्याने एक फ्यूज उपटून एसटीच्या उजेडात धरला. आतली बारीक पट्टी तुटून काळी पडली होती.

"ह्यो हिरवा कुणी टाकला हितं?"

फ्यूजच्या रंगांना अर्थ असतो, हे मला तिथे कळले. लाल म्हणजे १० अँपिअर, निळा १५, पिवळा २०, हिरवा ३०. तक्त्यात या जागी १५ लिहिले होते, आणि तिथे बसला होता ३० चा. माझे तोंड उतरले, कारण कुणी टाकला हे मला पक्के माहीत होते.

आदल्या वर्षी, घाटात उजेड कमी पडतो म्हणून मी एका दुकानातून जोरदार बल्ब बसवून घेतले होते. आमच्या गाडीचे मूळचे बल्ब सर्वसाधारण असतात तसे ६०/५५ वॉटचे. म्हणजे अप्परची तार ६० वॉटची आणि डिप्परची ५५ ची. दुकानदाराने दिले ते १००/९० चे. उजेड काय पडला म्हणता! समोरचे लोक दिवे चमकवून शिव्या देत, आणि मला वाटे, ही आपल्या उजेडाला दाद आहे. दोनेक महिन्यांनी फ्यूज उडाला. दुकानातल्या मुलाने तो बदलला आणि म्हणाला, "आता नाही उडणार, सर." मी त्याला खुशीने दहा रुपये दिले. फ्यूज उडणार नाही याचा अर्थ फ्यूजऐवजी दुसरे काहीतरी जळेल, हे दोघांनाही सुचले नाही.

हिशेब साधा आहे. वॉटला व्होल्टने भागले की अँपिअर येतात. ५५ वॉटचे दोन डिप्पर बारा व्होल्टवर सुमारे ९ अँपिअर घेतात. १५ च्या फ्यूजला आणि कारखान्यातून आलेल्या तारांना ते पेलते. १०० वॉटचे दोन अप्पर घेतात १६ च्या वर. तार तापते, बल्बच्या पाठीमागचा प्लॅस्टिकचा कपलर तापतो, आणि १५ चा फ्यूज जीव देऊन सांगतो की, हे बरे नव्हे. त्याच्या जागी ३० चा बसवणे म्हणजे ओरडणाऱ्या राखणदाराला घालवून बहिरा ठेवण्यासारखे आहे.

झाकणात एक जादा निळा फ्यूज खोचलेला होता. तो बसवून बटण दाबले, आणि टिक्कन तोही गेला. एव्हाना एसटीतले निम्मे प्रवासी खाली उतरले होते आणि सल्ल्यांना ऊत आला होता. एका गृहस्थांनी सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद पुढे केला. "ह्याची गुंडाळी करून बसवा, जन्मात उडणार नाही!" ड्रायव्हर त्यांच्यावर असे खेकसले की, ते गृहस्थ पुन्हा बसमधून उतरले नाहीत. "गाडी पेटवायची हाय का? मागं म्हातारी हाय, पोर हाय."

नवा फ्यूज घालताच उडतो, याचा अर्थ कुठेतरी तार शॉर्ट आहे. तिथे तिसरा, चौथा, पाचवा घालीत बसायचे नसते, शोधायचे असते. बोनेट उघडताच जळक्या प्लॅस्टिकचा वास आला. उजवा कपलर गरम, पण धड होता. डावा तपकिरी पडून मेणासारखा ओघळला होता, आणि आतल्या पत्र्या एकमेकींना चिकटल्या होत्या. त्यांनी मला चावी काढायला लावली आणि पान्ह्याने बॅटरीची काळी तार सोडवली. आमचे इंडिकेटर विझले, परंतु मागे एसटी उभी होती म्हणून चालले. मग चाकूने डाव्या कपलरच्या तिन्ही तारा कापून प्रत्येकीच्या टोकाला वेगवेगळी चिकटपट्टी गुंडाळली. चिरंजीव बत्ती धरून उभे होते आणि श्वाससुद्धा घेत नव्हते.

"गाडीत बिडी-सिगरेट कोण वढतं का?" त्यांनी विचारले. मी घाईघाईने नाही म्हटले. तेव्हा त्यांनी सिगारेट पेटवायच्या खाचेचा १५ चा फ्यूज काढून दिव्याच्या जागी बसवला. आपल्याकडे जादा फ्यूज नसला तर तेवढ्याच अँपिअरचा, बिनगरजेच्या कामाचा फ्यूज उसना घ्यावा, ही युक्ती लक्षात ठेवण्यासारखी आहे. काळी तार जोडली, बटण दाबले, आणि उजवा दिवा लागला. आईने त्याला नमस्कार केला.

"डावा गेला त्ये बरं झालं," ड्रायव्हर म्हणाले. मला वाटले, थट्टा करताहेत. थट्टा नव्हती. आपण डाव्या बाजूने चालतो. आपला उजवा दिवा विझलेला असला तर समोरून येणाऱ्याला उरलेला डावा दिवा म्हणजे मोटारसायकल वाटते, आणि तो बेधडक आपल्या अंगावर येतो. एकच दिवा जिवंत असेल तर तो उजवा असावा.

कंडक्टर मघापासून घड्याळ पाहत होते. पैसे घ्यायला कुणी तयार होईना. तेव्हा आईने चकलीचा एक डबा बसमध्ये चढवला. "अप्पर लावू नका, आणि माझ्या मागनं या," असे सांगून ड्रायव्हर आपल्या जागी चढले, आणि त्या एसटीच्या लाल दिव्यांवर नजर ठेवून आम्ही पोफळी, शिरगाव करीत एका डोळ्याने चिपळूण गाठले.

नरकचतुर्दशीला अभ्यंगस्नान आटोपल्यावर बंधूंच्या ओळखीचे एक वायरिंगवाले घरी आले. फार कमी बोलणारा माणूस. त्यांचे मुख्य हत्यार म्हणजे दोन तारा जोडलेला एक लहानसा बल्ब. एक टोक गाडीच्या उघड्या लोखंडाला लावायचे, दुसरे जिथे वीज यायला हवी तिथे. पेटला, तर वीज तिथवर येते आहे. अशी एकेक पायरी चढत जायचे. जिथे तो पेटत नाही, त्याच्या अलीकडे दोष. मी फराळाचे ताट हातात घेऊन त्यांच्यामागे फिरत होतो आणि विचारत होतो. त्यांनी जे सांगितले आणि पुढे मी जे वाचले, त्यातले घरगुती वाचकांच्या उपयोगाचे इथे देतो.

एकच दिवा गेला असेल तर डावा-उजवा बल्ब थंड झाल्यावर आपसांत बदलून पाहावा. अंधार बल्बाबरोबर दुसऱ्या बाजूला गेला, तर बल्ब उडालेला आहे. अंधार जागीच राहिला, तर होल्डर, तार किंवा अर्थिंग पाहावे. याला हत्यार लागत नाही. मात्र बल्बच्या काचेला बोट लावू नये. हॅलोजनची काच भयंकर तापते, आणि बोटांचा तेलकटपणा जिथे लागला असेल तिथे ती जास्त तापून बल्ब लवकर जातो. लागलेच बोट, तर स्पिरिटने पुसावी.

दिवा विझलेला नसून मलूल, पिवळट झाला असेल, तर बहुधा अर्थिंगचा दोष. विजेला यायला वाट आहे, जायला नाही. जिथे ही तार गाडीच्या पत्र्याला स्क्रूने आवळलेली असते तिथे गंज चढतो. कोकणातल्या खाऱ्या दमट हवेत तर फारच. पॉलिश पेपरने घासून स्क्रू पुन्हा आवळला की दिवा टवटवीत होतो. पण दोन्ही दिवे हळूहळू मंदावत चालले आणि समोर बॅटरीचे लाल चिन्ह पेटले असेल, तर गोष्ट निराळी. इंजिन बॅटरीला वीज पुरवीत नाही. पट्टा तुटला असेल किंवा अल्टरनेटर बिघडला असेल. अशा वेळी वातानुकूलन, रेडिओ, सगळे बंद करून जवळचे गाव गाठावे.

खड्ड्यात जाणारा आणि पुढच्या खड्ड्यात परत येणारा दिवा म्हणजे ढिला जोड. अर्ध्या तासाने जाणारा आणि गाडी थंड झाल्यावर परत लागणारा दिवा म्हणजे तापलेले बटण किंवा रिले. हे रिले म्हणजे काड्यापेटीहून लहान अशी एक काळी डबी. बटणाच्या थोड्याशा विजेवर दिव्यांची मोठी वीज सोडणारी. पुष्कळ गाड्यांत हॉर्नचा रिले आणि दिव्यांचा रिले एकाच क्रमांकाचा असतो. तसा असेल तर अदलाबदल करून पाहावी. दिवे लागले आणि हॉर्न मुका झाला, की निदान झाले. आणि पावसाळाभर एका जागी उभी असलेली गाडी असेल तर सगळ्यांत आधी उंदरांनी कुरतडलेल्या तारा शोधाव्यात.

डिप्पर गेला म्हणून अप्परवर गाडी हाकणारे बहाद्दर असतात. त्यांना स्वतःला दिसते, समोरच्याला दिसत नाही, आणि दोघे एकाच अरुंद रस्त्यावर असतात. माझे वर्षभराचे वागणे यापेक्षा फार चांगले नव्हते, हे इथे कबूल करतो. हल्ली साध्या दिव्यांच्या घरात एलईडीचे बल्ब बसवून घेण्याची टूम आहे. त्यांचा उजेड त्या आरशांना जुळत नाही आणि भलतीकडे फाकतो. ज्या नव्या गाड्यांत दिवे मुळातच एलईडीचे आहेत, त्यांचा बल्ब बहुधा घरी बदलता येत नाही. तिथेही फ्यूज पाहायला मात्र कुणाची आडकाठी नाही.

वायरिंगवाल्यांनी दोन्ही कपलर नवे बसवले, बल्ब ६०/५५ चे घातले आणि निळा फ्यूज ठोकला. दोन तारांचा हा हॅलोजन बल्ब १९७१ पासून चालत आलेला आहे. त्याच्याही आधी, अगदी सुरुवातीच्या मोटारींवर कार्बाइडवर पाणी ठिबकवून निघणारा वायू काडीने पेटवीत. १९१२ मध्ये कॅडिलॅक गाडीत विजेचा स्टार्टर, विजेचे दिवे आणि इंजिनाची ठिणगी यांची एकच व्यवस्था आली, आणि काडी लावायला खाली उतरणे हळूहळू संपले. त्या लोकांना दिवा का विझला हे निदान वासावरून कळत असेल!

ते १००/९० चे बल्ब मी बंधूंच्या परसातल्या कचऱ्यात टाकले. हिरवा फ्यूज मात्र माझ्या टेबलाच्या खणात आहे. गाडीत आता बत्ती, चिकटपट्टी, एक जादा बल्ब आणि तीन निळे फ्यूज असतात, आणि लाल त्रिकोणाच्या जागेवर फराळाला प्रवेश नाही.

भाऊबीज उरकून परतताना चिरंजीवांनी नवा खेळ काढला. उंब्रजपासून पुण्यापर्यंत एकडोळ्या गाड्या मोजायच्या आणि प्रत्येकीला "डावा!" किंवा "उजवा!" म्हणून ओरडायचे. आजी झोपेतून दचकून उठली, तेव्हा तो बंद करण्यात आला. पण दर महिन्याच्या पहिल्या रविवारी रात्री आम्ही दोघे आमच्या सोसायटीच्या भिंतीसमोर गाडी उभी करतो. मी बटणे दाबतो, ते भिंतीपाशी उभे राहून मोठ्याने निकाल जाहीर करतात. पहिल्या मजल्यावरचे निवृत्त मामलेदार अप्परची पाळी आली की खिडकी लावून घेतात.